आहुप्याहून दिसणारी बत्ती

आहुप्यात मोबाइलला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, देवराईच्या अलीकडच्या टेकाडावर. तिथल्या उंबराला कुणीतरी खिळा ठोकून ठेवला आहे. पिशवीत मोबाइल घालायचा, खिळ्याला अडकवायचा आणि वाजला की धावायचं. भागू असवल्याला कुणाचा फोन यायची फारशी वाट नसे. मुलगी रुपाली घोडेगावला नर्स होती, ती रविवारी करायची. पण बायको गेल्यापासून सकाळचा तास-दीड तास काढायला त्या उंबराखालचा दगड बरा होता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी फोन वाजला.

"भागू काका का? मी उज्ज्वला बोलतेय, दीपगृह खात्यातून. सावट्याच्या दीपगृहाला येत्या मार्चमध्ये दीडशे वर्षं पूर्ण होतायत. आम्ही त्याचा इतिहास छापतोय, तिथं छोटं संग्रहालयही करतोय. तिथले शेवटचे कीपर तुम्हीच ना?"

"मीच कुलूप लावलं त्याला," भागू म्हणाला.

पुढचा अर्धा तास तो बोलत राहिला. गेल्या दोन वर्षांत तो सलग इतका बोलला नव्हता. बत्ती आधी खोबरेलावर जळायची, मग रॉकेलवर, मग जाळीचं मेंटल आलं, मग वीज. भिंग फिरवायला मनोऱ्याच्या पोटात साखळीला वजन टांगलेलं असायचं. ते दर चार तासांनी हाताने वर ओढायचं. दिवसा भिंगावर पडदे ओढायचे, नाहीतर सूर्याचा किरण त्यातून एकवटून आतलंच काहीतरी पेटवतो. रखमाजी हेड म्हणून एक कोळी म्हातारा होता, त्याने हे सगळं भागूच्या हाडात भरलं. भागू नोकरीला लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याआधी त्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

"यंत्रांची माहिती आहे आमच्याकडे," उज्ज्वला मध्येच म्हणाली. "माणसांचं काही सांगा ना काका. घरचं."

भागूने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "माझी बत्ती आमच्या गावातून दिसायची. मंडळी रोज बगायच्या."

"आहुप्याहून? सह्याद्रीवरून?"

"कड्यावरनं. हवा निवळ असली म्हंजी. तिनं कॅलेंडरवर खुणा केल्यात. सतरा कॅलेंडरं हायेत."

पलीकडे मॅडमचा आवाज चढला. तारखांसकट कॅलेंडरं? तीही एका कीपरच्या पत्नीने ठेवलेली? मग तर पुस्तकात स्वतंत्र पान, आणि संग्रहालयात काचेची पेटी. पंधरा दिवसांत माणूस घ्यायला येईल. भागूने तारखा एकदा तपासून ठेवाव्यात, म्हणजे छापताना चूक नको.

टेकाडावरून उतरताना भागूचे पाय हलके पडत होते. आयुष्यातली सतरा वर्षं आपण कुठल्या टोकाला काय करत होतो, याला एक साक्षीदार होता आणि आता तो काचेच्या पेटीत बसणार होता.

कॅलेंडरं पत्र्याच्या ट्रंकेत होती, गुंडाळून, लुगड्याच्या काठाने बांधलेली. झुंबरबाई चौथीपर्यंत शिकलेली होती, पण लिहायचं तिच्या जिवावर येई. म्हणून खुणा. ज्या संध्याकाळी बत्ती दिसली, त्या तारखेवर कुंकवाचा ठिपका. धुकं, पाऊस, ढग असले की जागा कोरी. पावसाळ्याचे चार महिने तर सगळेच कोरे, कारण आहुप्यात तेव्हा स्वतःचा हात दिसत नाही. ठिपके सुरू व्हायचे दिवाळीच्या आगेमागे आणि दाट व्हायचे मार्गशीर्ष-पौषात. मध्ये भागूची बदली दूर गुजरातच्या किनाऱ्यावर झाली, त्या वर्षांची कॅलेंडरं तिने ठेवलीच नव्हती. नवऱ्याची बत्ती नाही तर खूण कशाची करायची?

ही खोड तिला भागूनेच लावली होती. लग्नानंतर तो पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा संध्याकाळी तिला कड्यावर घेऊन गेला होता. खाली कोकण अंधारत चाललेलं. दूर, अगदी आभाळाच्या कडेला, काहीतरी लुकलुकलं.

"ती बघ," तो म्हणाला होता. "माझी बत्ती."

"हितनं दिसती?" झुंबरबाई म्हणाली होती. "मंग मी काय येकटी न्हाई."

त्यानंतर तो कड्यावर गेला नाही. त्याची रजा असायची आवणीच्या दिवसांत, भाताच्या चिखलात आणि धुक्यात. तिची मात्र संध्याकाळ ठरलेली होती. गुरं बांधली की कड्यावरच्या सपाट दगडावर जाऊन बसायचं, बत्ती दिसली की उठायचं. शेजारची साळुबाई चिडवायची, "झुंबर, नवरा डोळं मारतोय का गं?" झुंबरबाई म्हणायची, "मारतोय. तुझा तर घरात असून मारत न्हाई."

दोन दिवसांनी उज्ज्वलाने मोबाइलवर यादी पाठवली. सावट्याच्या रजिस्टरातून काढलेली, बत्ती बंद पडल्याच्या तारखांची. भागूने चष्मा लावला, अंगणात घोंगडी अंथरली आणि कॅलेंडरं एकेक करून उलगडली. त्याच्या हाताला नोंदींची सवय होती. अडतीस वर्षं त्याने बत्ती लावल्याची आणि मालवल्याची वेळ मिनिटासकट लिहिली होती. तपासायचं म्हणजे तपासायचं.

फेब्रुवारी १९९१. चार तारखेपासून बारा तारखेपर्यंत भिंग फिरवायच्या यंत्राचा दाता तुटला होता. मुख्य बत्ती नऊ दिवस बंद. गॅलरीला एक साधा कंदील टांगला होता, जो दोन कोसांवरून दिसला तरी खूप. ते दिवस भागूला आठवत होते. सुटा भाग यायला उशीर झाला म्हणून रखमाजीच्या जागी आलेल्या नव्या हेडने खात्याला शिव्या घातल्या होत्या.

झुंबरबाईच्या कॅलेंडरवर त्या नऊ दिवसांत सहा ठिपके होते.

भागूने बोट ठेवून परत पाहिलं. महिना बरोबर, साल बरोबर, कुंकू फिकटलेलं पण नक्की. पहिल्यांदा त्याला वाटलं, न जाताच ठिपका दिला असेल, सवयीने. पण त्याच नऊ दिवसांत तीन तारखा कोऱ्या होत्या, आणि न जाता खूण करणारं माणूस कोऱ्या जागा सोडत नाही.

तो दिवसभर पुढची कॅलेंडरं चाळत बसला. डिसेंबर १९९३ ला त्याचं बोट थांबलं. चौदा, पंधरा आणि सोळा तारखेला ठिपका नव्हता आणि जागा कोरीही नव्हती. तिथं पेन्सिलीने रिकामा गोल काढला होता. सतरा कॅलेंडरांत गोल तेवढे तीनच. सोळा तारखेचा गोल इतका दाबून काढला होता की कागद खरवडला गेला होता.

सोळा तारीख भागूला सांगावी लागली नाही. त्या सकाळी सावट्याच्या ऑफिसात फोन वाजला होता. झुंबरबाई पहाटेच्या एसटीने घोडेगावला गेली होती आणि तिथल्या एसटीडीवरून बोलत होती. तिने आयुष्यात केलेला तो पहिला फोन.

"अवं, बरं हाय ना तुमास्नी? दोन सांजा झाल्या, बत्ती न्हाई. आभाळ तर कसं लख्ख हाय."

"बत्ती चालू हाय," भागू ओरडला होता. मागे दोन माणसं उभी होती, हसत होती. "मी सोता लावतोय. तुझं डोळं दाकव डाक्टरला. आन् यवढ्यासाठी फोन करत जाऊ नको."

"बरं," ती म्हणाली होती.

आणि घरी जाऊन तिने तिसरा गोल काढला होता. नवरा सांगतो ते एकीकडे, डोळ्यांना दिसतं ते एकीकडे. तिने डोळ्यांना दिसलं ते नोंदवलं होतं.

यादीत त्या तारखांना सावट्याची बत्ती चालूच होती. त्याच्याच अक्षरातल्या नोंदी. म्हणजे तीन दिवस बत्ती असून तिला दिसली नाही, आणि नसताना सहा दिवस दिसली. भागूने कॅलेंडर हळूच गुंडाळलं. रखमाजी हेडचा आवाज त्याला इतक्या वर्षांनी जसाच्या तसा ऐकू आला. नव्या पोराला गॅलरीत उभं करून म्हातारा सांगायचा, लांबून सगळ्या बत्त्या सारख्याच. पण प्रत्येकीची उघडझाप वेगळी, आणि ती नकाशात छापलेली. आधी मोजायची, मग नाव घ्यायचं. न मोजता नाव घेणाऱ्याने जहाजं खडकावर घातली आहेत.

भागूने झुंबरबाईला बत्ती दाखवली तेव्हा मोजली नव्हती. नवी बायको शेजारी उभी असताना कोण मोजतं?

त्या संध्याकाळी तो कड्यावर गेला. थंडी पडली होती, वारा नव्हता. सपाट दगड होता तिथंच होता. त्याने मनगटावरचं घड्याळ उताणं केलं आणि पश्चिमेकडे बघत बसला. पूर्वी खाली काळोख असायचा. आता कल्याणपासूनच्या वस्त्यांचा पिवळा उजेड आभाळावर चढलेला. पण त्याच्या डावीकडे, आभाळाच्या कडेला, जिथं त्याने एकदा बोट दाखवलं होतं तिथं, अंधार पुरेसा झाल्यावर एक ठिणगी उमटली आणि गेली.

त्याने मोजलं. बारा सेकंद. परत एक ठिणगी. परत बारा. दहा वेळा मोजलं.

सावट्याची बत्ती पंधरा सेकंदांत दोनदा चमकते. भिंग काढून नवे दिवे बसवले, माणसं काढून यंत्रं बसवली, तरी उघडझाप बदलत नाही, कारण दर्यावरचा माणूस तिच्यावर विसंबून असतो. भागूने सावट्याच्या दिशेला मान वळवली. तिकडे शेजारच्या डोंगराची सोंड आडवी आली होती. इथून सावटं दिसणं शक्यच नव्हतं. कधीच शक्य नव्हतं.

बारा सेकंदांना एक, ही काळबेटाची बत्ती. किनाऱ्यापासून आत समुद्रात, खडकावर. आणि काळबेट म्हणजे रविंद्र खंडागळे.

रविंद्र पिंपरी पेंढारचा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच तालमीत रखमाजीच्या हाताखाली घडले. एक आंबेगावच्या डोंगरातला, एक जुन्नरच्या पठारावरचा, म्हणून रखमाजी त्यांना "बिनपाण्याचे खलाशी" म्हणायचा. पुढे काळबेटावर जायला कुणी तयार होईना, तेव्हा रविंद्र आपणहून गेला आणि पुन्हा पुन्हा तिथंच बदली मागत राहिला. लग्न केलं नाही. सावट्याहून काळबेट दिसत नसे, पण रोज सात वाजता वायरलेसवर बोलणं होई. कामाचं संपलं की भागू हटकून म्हणायचा, "आमच्या मंडळींनी आज बत्ती बघितली असंल बघ." आणि रविंद्र म्हणायचा, "बघू दे राव. आमची कोन बघतोय, मासं!"

तीन गोलांच्या त्या दिवसांत वायरलेसला काळबेट उत्तर देत नव्हतं. भागूने रजिस्टरात लिहिलंही होतं, "काळबेट, उत्तर नाही." खाऱ्या हवेने सेट बिघडणं नेहमीचं. नंतर कळलं, रविंद्र तापाने पडला होता. त्याचा असिस्टंट किनाऱ्यावर घरच्या मयताला गेलेला, आणायला जाणारी होडी नादुरुस्त. सतरा तारखेला कोळ्यांनी त्याला उचलून आणलं. फुप्फुसात पाणी झालेलं.

इकडे बायको सांगत होती बत्ती नाही. तिकडे वायरलेस सांगत होता माणूस नाही. आणि दोन्ही एकत्र ठेवून बघण्याएवढी अक्कल फक्त एका माणसाकडे असायला हवी होती.

शुक्रवारी भागूने डिसेंबर १९९३ चं कॅलेंडर पिशवीत घातलं आणि पहिली एसटी धरली. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. पिंपरी पेंढारला उतरेपर्यंत दुपार झाली.

रविंद्र पुतण्याच्या घरी राहत होता, कांद्याच्या शेताला लागून दोन खोल्यांत. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. भागूला बघून तो उठला नाही, पण हसला. हसण्याबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. तो आवाज भागूने निवृत्तीनंतरच्या एका लग्नातही ऐकला होता आणि म्हातारपणाचा धरला होता.

"काय आहुपेकर, रस्ता चुकला का समुद्र?"

"तुज्याकडंच आलोय."

"वहिनी गेल्याचं कळलं व्हतं. याचं व्हतं मला. पर ह्या छातीला घाट सोसत न्हाई." त्याने आत हाक मारली. "यशोधरा, पावणं आलेत. चहा टाक. साखर जास्ती, डोंगराचा मानूस हाय."

पुतण्याची बायको चहा ठेवून गेली. भागूने चहाला हात लावला नाही. त्याने कॅलेंडर रविंद्रच्या मांडीवर उलगडलं आणि सगळं सांगितलं. ठिपके म्हणजे काय, गोल म्हणजे काय, फोन कधी आला, आपण काय बोललो. कड्यावर दहा वेळा काय मोजलं तेही. मागे-पुढे काही लावलं नाही. बत्तीची नोंद द्यावी तसं सांगितलं.

रविंद्रने कॅलेंडर जवळ घेतलं. त्याचं बोट तीन गोलांवरून फिरत होतं.

"चौदाला मी वर चढलोच न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पंधराला निघालो. साठ पायऱ्या मोजल्या. मंग तितंच बसलो. तितं येक झरोका हाय, त्यातनं पानी दिसतं. जहाजं चाललेली. म्हनलं, येकाला तरी कळंल का, की हितली बत्ती न्हाई?" त्याने दम घेतला. "कुनालाच न्हाई कळलं, आसंच मी धरून चाललो व्हतो. येकतीस वर्सं."

"तिला कळलं व्हतं."

"तिनं तुला फोन केला."

"व्हय."

"आन् तू तिला डोळं दाकवायला सांगितलं."

"व्हय."

शेतातून मोटारीचा आवाज येत होता. रविंद्रची छाती वाजत होती. डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं, एक दिवस आधी आणला असता तर इतकं झालं नसतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"येक दिस, भागू," रविंद्र म्हणाला.

"व्हय. येक दिस. तेच सांगाया आलो."

"मला वाटलं माफी मागाया आलास."

"ती कशी मागत्यात, मला येत न्हाई."

रविंद्र पुन्हा हसला, या वेळी खोकला लागेपर्यंत. मग त्याने कॅलेंडर वर धरलं. डिसेंबरच्या सतरा तारखेवर ठिपका होता, इतर ठिपक्यांपेक्षा मोठा, बोट दाबून दिलेला. त्या संध्याकाळी कोळ्यांबरोबर बेटावर परतलेल्या असिस्टंटने काळबेटाची बत्ती पुन्हा लावली होती.

"आमच्या आईच्या मागं माजी कुनी वाट बघितली न्हाई," तो म्हणाला. "हे वहिनींनी तुज्यासाठी केलंय, मला म्हाईत हाय. तरी हे मी ठेवून घिऊ का?"

भागूला नाही म्हणावंसं वाटलं. हात पुढे झालाही होता. तिच्या हातच्या खुणा अशा होत्याच किती! पण सतरा वर्षं ती ज्या बत्तीकडे बघत होती, तिचा कीपर समोर बसला होता.

"ठिव," तो म्हणाला. "बाकीची सोळा संग्रहालयात जातील. तुज्या नावावर."

"आन् तुज्या पानावर काय ऱ्हाईल?"

भागूने गार झालेला चहा एका घोटात संपवला. "आमच्याकडं मासं व्हतं की," तो म्हणाला.

शेवटची एसटी चुकली म्हणून रात्री तो रुपालीकडे घोडेगावला राहिला. ती म्हणाली, "बाबा, असू द्या ना तसंच. आईचं नाव तरी छापून येईल. कोण मोजायला जाणार आहे तिथं?" भागूने तिच्याकडे कागद-पेन मागितलं. ज्या माणसाने एकदा मोजलं नव्हतं, त्याला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं.

सकाळी आहुप्याला पोचल्यावर त्याने टेकाडावरून उज्ज्वलाला फोन लावला. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, पण मग सावट्याच्या इतिहासात तुमचं असं काहीच राहणार नाही. फक्त नाव आणि तारखा."

"बाकीच्यांचं काय ऱ्हायलंय?" भागू म्हणाला. "लिवून घ्या."

त्याने खिशातून कागद काढला. रात्री रुपालीच्या घरी लिहून ठेवलेला, रजिस्टरात लिहायचा त्याच सरळ अक्षरात. दोनच नोंदी होत्या. त्याने त्या एकेक शब्द सुटा करून वाचल्या, वायरलेसवर वाचायचा तशा, म्हणजे मध्ये खरखर आली तरी पलीकडच्याला चुकीचं ऐकू जाऊ नये.

"काळबेट दीपगृह. हवा स्वच्छ असता आहुपे गावच्या कड्यावरून दिसते. १४, १५ व १६ डिसेंबर १९९३ रोजी बत्ती बंद असल्याचे किनाऱ्यावर कोणाच्याही आधी झुंबरबाई भागू असवले यांनी पाहिले व कळवले. त्यांचे ऐकले गेले नाही.

"सावटे दीपगृह. आहुप्याहून दिसत नाही."